इंटिग्रेशनचं उत्तर आपणच तपासा

जळगाव-धुळ्याकडे बारावीची, सीईटीची तयारी करणाऱ्या पोरांनो, इंटिग्रेशनचं गणित सुटलं की लगेच पुस्तकामागची उत्तरं उघडू नका. इंटिग्रेशन ही डेरिव्हेटिव्हची उलटी क्रिया, म्हणून आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढा. मूळ फंक्शन जसंच्या तसं परत आलं, तर उत्तर बरोबर.

कॉस ३एक्स घ्या. घाईत साइन ३एक्स लिहिलं जातं. त्याचं डेरिव्हेटिव्ह येतं ३ कॉस ३एक्स, म्हणजे ३ जास्तीचा. म्हणून उत्तर साइन ३एक्स भागिले ३, अधिक सी (म्हणजे एक स्थिर संख्या). मात्र हीच युक्ती कॉस (एक्स-वर्ग)ला लावून साइन (एक्स-वर्ग) भागिले २एक्स असं अजिबात लिहू नका! भाजकातच एक्स आहे, त्यामुळे डेरिव्हेटिव्ह काढताना भागाकाराच्या नियमाने एक जादा पद येतं आणि मूळ फंक्शन परत मिळत नाही. कंसात एक्सचा पहिलाच घात असेल तेव्हाच असा भागाकार चालतो.

राहिला सी. रावेरकडच्या एखाद्या शेततळ्यात टी तासांनंतर पाणी ताशी ६टी हजार लिटर वेगाने पडत असेल, तर टी तासांत ३टी-वर्ग हजार लिटर भर पडली एवढंच कळतं. तळ्यात आधी किती पाणी होतं, तो सी. ते माहीत असेल तरच त्याची किंमत निघते.