दिवाळीला तीन पिढ्या साताऱ्यात जमणार असतील तर

भाऊबीजेला नणंदा, जावई, पोरं, आत्याबाई असा सगळा गोतावळा आमच्याकडे उतरतो. तुमच्याकडेही येणार असेल तर आधी झोपायचं ठरवा, फराळाचं मागाहून. गुडघे धरलेल्यांना खालची, संडासाजवळची खोली. पोरांना हॉलमध्ये सतरंज्या. पॅसेजमधला दिवा रात्रभर चालू ठेवा.

सहल एकच काढा आणि ती सासूबाईंच्या चालीनं. दिवाळीत कासला फुलं शोधत जाऊ नका, बहर तोवर ओसरलेला असतो. सज्जनगडाच्या पायऱ्यांची कल्पना मोठ्यांना आधीच द्या. माझं मत वाईला. ढोल्या गणपतीचं १७६२ सालचं देऊळ कृष्णेच्या घाटावरच आहे; म्हातारी माणसं निवांत टेकतात, पोरं पाण्याकडे धावतात. त्यांच्यामागे कोणी जायचं, हे गाडीतच ठरवा. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणीच ठेवत नाही. पुढे पाचगणीला जायचं असेल तर जेवण वर जाऊनच. पसरणी घाटाची वळणं भरल्या पोटी सोसत नाहीत. गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा, मग तो जावई का असेना.

स्वयंपाकघरात येऊन “काही मदत हवी का?” विचारणाऱ्याच्या हातात लगेच नारळ आणि विळी द्या. शुगरवाल्यांचा चिवडा-कडबोळ्यांचा डबा वेगळा, नाव घालून.

कंदी पेढे आदल्या संध्याकाळीच आणा. निघायच्या घाईत मोती चौकात गाडी लावायला जागा शोधत बसावं लागतं.