पर्णरंध्रं घरी कशी बघायची (आणि डोळ्यादेखत बंद कशी करायची)

पर्णरंध्रांची, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांची, आकृती शाळेत सगळ्यांनी काढलीये, समोरासमोर ठेवलेले दोन राजम्याचे दाणे आणि मधे फट, पण खरी फट फार कमी जणांनी बघितलीये, म्हणून हे लिहितोय.

पान घ्या ऱ्हिओचं, वरून हिरवं आणि खालून जांभळं असतं ते, नर्सरीत कुठेही मिळतं. झाडाला आदल्या संध्याकाळी पाणी घाला आणि सकाळी ऊन आल्यावर पान तोडा. मी पहिल्यांदा एप्रिलमधे भर दुपारी सुकलेल्या झाडाचं तोडलं होतं, एकूण एक रंध्र बंद! आणि कोरफड नको, ती रंध्रं रात्री उघडते.

आता पान तिरकं फाडा, कडेला जांभळा पातळ पापुद्रा सुटतो, तोच हवाय. स्लाइडवर पाण्याच्या थेंबात तो पसरा, वरून कव्हरस्लिप (पातळ काच) एका बाजूने हळू टेकवत सोडा म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. मायक्रोस्कोपखाली बघा, आधी १०एक्स, मग ४०एक्स लेन्स. जांभळ्या पेशींच्या फरशीत मधे मधे हिरव्या जोड्या दिसतील, त्या रक्षक पेशी, म्हणजे आकृतीतले राजम्याचे दाणे, हिरव्या कारण त्यांच्यात हरितलवकं (हिरवे कण) असतात.

खरी मजा पुढे आहे. अर्धा कप पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, कव्हरस्लिपच्या एका कडेला एक थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिश्यू पेपर लावा, मिठाचं पाणी आत ओढलं जातं. नजर हलवू नका, काही मिनिटांत फटी मिटायला लागतात.

कारण मीठ रक्षक पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं आणि त्या ढिल्या पडतात. झाडावर सकाळी याच्या उलट होतं, उजेड पडला की या पेशी पोटॅशियम आत घेतात, त्यामागे पाणी येतं, पेशी फुगतात, पण फटीकडची भिंत जाड असल्याने सरळ न फुगता बाहेर वाकतात आणि फट उघडते. पटत नसेल तर लांब फुग्याच्या एका बाजूला उभी सेलोटेप चिकटवून फुगवून बघा, धनुष्यासारखा वाकतो. पाणी कमी पडलं की झाड ॲब्सिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक बनवतं आणि त्याच्यामुळे पोटॅशियम बाहेर पडून फटी मिटतात, माझ्या एप्रिलच्या पानाचं हेच झालं होतं.

पापुद्रा निघतच नसेल तर पानाच्या खालच्या बाजूला बिनरंगी नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या, सेलोटेपने उचलून स्लाइडवर चिकटवा. ठसा छान येतो, पण तो नुसता साचा, मीठ टाकून मिटणार नाही.