अपास्त शिकवायचा तर वावरापासून

अकरावी-बारावीला गणित शिकवायला नव्यानं लागलेल्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. अपास्त (हायपरबोला हा वक्र) शिकवताना पहिल्याच दिवशी लांबलचक समीकरण फळ्यावर मांडू नका. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतल्या पोरांना सातबारा वाचता येतो. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, हे त्यांना सांगावं लागत नाही. तिथूनच सुरू करा.

वावराचे दोन धुरे (बांध) काटकोनात मिळतात तो कोपरा धरा. त्या कोपऱ्यापासून बरोबर एक आराचा आयत मोजायचा: 10 बाय 10, 20 बाय 5, 25 बाय 4, 50 बाय 2. प्रत्येक आयताचा समोरचा कोपरा कागदावर टिंबानं दाखवायचा. टिंबं जोडली की अपास्ताची एक शाखा मिळते. धुरे म्हणजे तिच्या अनंतस्पर्शिका, वक्र ज्यांच्या जवळ जातच राहतो त्या रेषा. वक्र धुऱ्याकडे सरकतो पण टेकत नाही, कारण रुंदी शून्य झाली तर आर भरणार कसा?

आता 10 मीटरला एक एकक म्हणा. समीकरण झालं क्ष × य = 1. आलेखाच्या कागदावर एककाला 5 सेंमी घ्या, वक्राखालचा क्ष 1 ते 2 हा भाग एका रंगानं आणि 2 ते 4 हा दुसऱ्या रंगानं भरायला लावा. सेंटिमीटरचे चौकोन मोजू द्या, अर्धेमुर्धे जुळवून. दोन्हीकडे सतराच्या थोडे वर निघतात. इथं घाई नको, पोरांना एकमेकांचे कागद ताडून बघू द्या.

कारण साधं आहे. पहिल्या भागातली उभी बारीक पट्टी दुप्पट रुंद आणि निम्मी उंच केली, तर ती दुसऱ्या भागात चपखल बसते. क्षेत्रफळ तेवढंच. 4 ते 8 मध्येही तेच. एक चौरस एकक म्हणजे 25 चौकोन, म्हणून अंतर दुप्पट झालं की क्षेत्रफळात दरवेळी 0.693 चौरस एककाची भर, म्हणजे गुणाकाराची बेरीज झाली. हा गुणधर्म गणिती ग्रेग्वार द सेंट-व्हिन्सेंट यांनी 1647 मध्ये मांडला आणि 1649 मध्ये गणिती दे सारासा यांनी तो लघुगणकांशी (लॉगॅरिदमशी) जोडला. क्ष = 1 पासून मोजलेलं क्षेत्रफळ बरोबर 1 भरतं ते क्ष 2.718 च्या आसपास आला की, तीच ‘ई’ ही संख्या.

‘पट्टी बारीक होत जाते, मग क्षेत्रफळ कुठंतरी थांबेल ना?’ असं कोणी विचारलं तर उत्तर त्याच्याच कागदावर आहे. दर दुपटीला 0.693 वाढतच राहतं, त्याला मर्यादा नाही.

एवढं झाल्यावर पुस्तकातलं क्ष² − य² = 2 काढा. हाच वक्र, 45 अंशांत फिरवलेला.