लाकडाची फायरप्लेस : या चुका टाळा

न्यू जर्सी, बोस्टन किंवा शिकागोकडे जुनं घर घेतलं की दिवाणखान्यात बऱ्याचदा लाकडाची फायरप्लेस असते. पहिला बर्फ पडला की ती पेटवावीशी वाटतेच. त्याआधी तिच्या धुराड्याची प्रकृती समजून घ्या.

सगळ्यात महागात पडते ते ओलं लाकूड. त्याची बरीचशी उष्णता आतलं पाणी उडवण्यातच खर्ची पडते, आग नुसती धुमसते आणि गार धूर धुराड्याच्या आतून डांबरासारखा चिकटत जातो. हाच क्रिओसोट. आधी भुसभुशीत काजळी, मग खरखरीत खपल्या, शेवटी काळा चकचकीत थर, ज्याला ब्रश लागू पडत नाही. तो पेटला तर तापमान 1000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, आतल्या मातीच्या नळ्या तडकतात आणि आग भिंतीतल्या लाकडी सांगाड्याला लागते. साधी काजळी 3 मिलिमीटर झाली की सफाई करून घ्या. चकचकीत थर दिसला तर कितीही पातळ असो, सफाईवाला येऊन जाईपर्यंत काडी लावू नका.

लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा लागेल असं किमान सहा महिने रचून ठेवा; ओकला वर्ष-दोन वर्षंही लागतात. ओलावा 20 टक्क्यांखाली हवा. ओलावा मोजायचं मीटर ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, टोक आधी सुकतं आणि आकडा फसवतो. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. मीटर नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा : सुकं खणखणतं, ओलं थप्प वाजतं.

पार्सलचे खोके आणि गिफ्टचे कागद जाळू नका, त्यांचे पेटते कपटे थेट वर उडतात. रंगवलेल्या किंवा रसायन मुरवलेल्या फळ्यांचा धूर विषारी असतो.

धूर खोलीत येतोय? आधी टॉर्च घेऊन वर बघा, डॅम्पर, म्हणजे धुराडं उघडणारी-बंद करणारी झडप, पूर्ण उघडा आहे का. उघडा असेल तर बहुधा धुराड्यात गार हवा तुंबलेली असते. वर्तमानपत्राची सुरळी पेटवून डॅम्परखाली अर्धा-एक मिनिट धरा, ज्योत वर ओढली जाऊ लागली की मगच लाकूड पेटवा. तरीही धूर येत असेल तर स्वयंपाकघरात जा. तळणाला, फोडणीला आपण एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावतो. घट्ट बंद घरात त्या पंख्याला हवा दुसरीकडून मिळत नाही, मग तो ती धुराड्यातूनच खाली खेचतो. पंखा बंद करा, फायरप्लेसजवळची खिडकी इंचभर उघडा. अशा वेळी धुराड्याला उगाच दोष दिला जातो.

विस्तव राखेखाली झाकून सकाळपर्यंत जपायची गावाकडची रीत इथे जिवावर बेतू शकते. निखारे धुमसत असताना ऊब टिकावी म्हणून डॅम्पर बंद केला, तर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू घरात पसरतो. त्याला ना रंग, ना वास. राख पूर्ण गार होईपर्यंत डॅम्पर उघडाच ठेवा. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर सीओ अलार्म हवाच.

राखेत निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात. ती घट्ट झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घरापासून किमान 10 फुटांवर ठेवा. लाकडी डेक, गराज, कागदी पिशवी किंवा व्हॅक्यूम क्लीनर, काहीही चालणार नाही.

तपासणी वर्षातून एकदा, फारशी वापरली नसली तरी. पक्ष्यांची घरटी न वापरलेल्या धुराड्यातच होतात. घर विकत घेताना मात्र एनएफपीए या अमेरिकन अग्निसुरक्षा संस्थेच्या 211 क्रमांकाच्या मानकाप्रमाणे लेव्हल 2 तपासणी मागा, म्हणजे धुराड्यात कॅमेरा सोडून. घराच्या सर्वसाधारण तपासणीत हे सहसा होत नाही.

धुराड्यातून आगगाडीसारखी घरघर ऐकू आली तर आत आग लागली आहे. सगळ्यांना बाहेर काढा आणि 911 लावा. वरून पाणी ओतू नका, तापलेल्या नळ्या फुटतात. आग आपोआप विझली तरी कॅमेऱ्याने तपासणी होईपर्यंत ती फायरप्लेस बंदच ठेवा.