संशोधनाचा सामाजिक परिणाम दाखवताना या चुका टाळा

प्रकल्प संपायला दोन महिने उरले की अहवालातला 'सामाजिक परिणाम' हा रकाना आठवतो आणि फोटो शोधायची धावपळ सुरू होते. तोवर बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात.

कार्यक्रमांनाच परिणाम म्हणणे. कार्यशाळा किती, हजेरी किती, बातम्या किती, ही झाली तुमची धावपळ. ऐकणाऱ्याने त्यानंतर वेगळं काय केलं, तो परिणाम. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं जे आरईएफ मूल्यमापन होतं, त्यात परिणामाला 2014 मध्ये 20 टक्के वजन होतं, 2021 मध्ये 25. तिथे विद्यापीठाबाहेर घडलेला बदल पुराव्यासकट मांडावा लागतो. आपल्याकडे हजेरीपट जोडला की भागतं. मग माणसं विषयही हजेरी जमेल असेच निवडतात.

आधीची नोंद न घेणे. ही सगळ्यात महाग चूक. गोव्यात तिसवाडीतल्या एखाद्या खाजनाचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचं, उदाहरण घ्या. मानशीची (बांधातल्या पाणी सोडण्या-अडवण्याच्या वाटेची) झिजलेली दारं बदलली, खारं पाणी आत शिरायचं थांबलं, आता खारटपणा कमी झाला हे दाखवायचंय. अनुदान उशिरा मिळालं म्हणून मातीचा पहिला नमुना मे महिन्यात, समिती येणार म्हणून दुसरा ऑगस्टमध्ये. आकडा धडाधड उतरलेला! पण तो मिरगापासूनच्या पावसाने उतरवला. दारं मोडकी असती तरी उतरलाच असता. खारटपणा विद्युतवाहकतेने मोजतात. मातीच्या संपृक्त अर्काची, म्हणजे पुरत्या भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता दर मीटरला 3 डेसिसीमेनच्या वर गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं, पुढच्या प्रत्येक डेसिसीमेनला साधारण 12 टक्के. म्हणजे चुकीच्या महिन्यातल्या आकड्यावरून भलताच फायदा कागदावर चढतो.

म्हणून दाराला हात लावण्याआधी नमुने घ्या. पुढच्या वर्षीही तीच शेतं, तोच पंधरवडा, तीच 0 ते 15 सेंटिमीटर खोली. दारं न बदललेल्या शेजारच्या खाजनातलेही नमुने हवेत, नाहीतर पावसाचं श्रेय तुम्ही घेताय. त्या वर्षी कुणी बियाणं बदललं का, तेही विचारा. शेतकरी उत्पन्न खंडी-कुडवांत सांगेल. सांगितलं तसंच लिहा आणि त्याचाच कुडव भरून एकदा वजन करा. घरी बसून किलो काढू नका. तीन वर्षांच्या प्रकल्पाला एवढा धीर नसेल, तर खारटपणा कमी केल्याचा दावाही करू नये.

ऑल्टमेट्रिकचा आकडा जोडणे. तो शोधनिबंधाची बातम्यांत आणि समाजमाध्यमांवर झालेली चर्चा मोजतो. चर्चा टीकेचीही असते.

'उपयुक्त वाटले' छापाची पत्रं. पंचायतीने कोणता ठराव, कोणत्या तारखेला, तुमच्या कुठल्या निष्कर्षावरून घेतला, एवढं पत्रात हवं. ठराव झाला त्याच महिन्यात पत्र मागा. सरपंच बदलला की कुणाला काही आठवत नाही.

सगळ्याच कामाला तीन वर्षांत फळ मागणे. गोव्यातलीच दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1997 पासून कांदोळीसमोरच्या समुद्रात ठरावीक ठिकाणी नोंदी घेते आहे. पावसाळ्याच्या अखेरीस तिथे खालच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. हे चक्र बदलतंय का, ते एक-दोन मोसमांच्या नोंदींवरून कळत नाही. अशा कामाच्या अर्जात लाभार्थींची संख्या ओढूनताणून भरू नका. नोंदी कोण, कशासाठी मागून नेतं याची एक वही ठेवा आणि रकान्यात तेवढंच लिहा.