युनिक्स सॉफ्टवेअर विंडोजवर पोर्ट करताना: उपकरणांची नावे आणि पाथ यांबाबतच्या या चुका टाळा

युनिक्सचा प्रोग्राम विंडोजवर आणताना बहुतेक जण सर्वप्रथम पाथमधील, म्हणजे फाइलच्या पत्त्यातील, प्रत्येक स्लॅशचा बॅकस्लॅश करणारे फंक्शन लिहितात. हा खटाटोप बहुधा अनावश्यक असतो, कारण फाइल उघडणारे विंडोजचे एपीआय (प्रोग्रामला वापरता येणारी तयार फंक्शन्स) साधारणपणे दोन्ही चिन्हे स्वीकारतात. अपवाद मुख्यतः '\\?\' ने सुरू होणाऱ्या पाथचा. उलट, असा बदललेला पाथ तयार होणाऱ्या सी सोर्समध्ये जसाच्या तसा गेला, की बॅकस्लॅशपुढच्या 'टी'चा टॅब होतो आणि फाइल सापडत नाही.

खरी गफलत उपकरणांच्या नावांत होते. '/डेव्ह/नल' ही नको असलेले आउटपुट टाकून देण्यासाठीची युनिक्सच्या फाइल सिस्टिममधील नोंद आहे, तर विंडोजवर तेच काम 'एनयूएल' हे राखीव नाव करते. रूपांतर करणाऱ्या फंक्शनने '/डेव्ह/नल' हा साधा पाथ मानला, तर तो चालू ड्राइव्हच्या मुळापासून शोधला जातो आणि सहसा त्रुटी येते. पण तेथे योगायोगाने 'डेव्ह' फोल्डर असेल, तर त्यात 'नल' नावाची खरीखुरी फाइल तयार होऊन टाकाऊ आउटपुट निमूटपणे तिच्यात जाते. हा दुसरा प्रकार अधिक वाईट, कारण तक्रार कोणीच करत नाही. म्हणून उपकरणाचे नाव पाथ-रूपांतराच्या आधीच वेगळे काढावे. यादृच्छिक बाइट देणाऱ्या '/डेव्ह/यूरँडम'ला तर नावाने पर्यायच नाही. तेथे विंडोजचे यादृच्छिक संख्या देणारे फंक्शन वापरावे लागते.

विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिरेक्टरी आल्या त्या १९८३च्या २.० आवृत्तीत, 'कॉन' (कन्सोल), 'ऑक्स' (सहायक पोर्ट) ही उपकरणांची नावे त्याआधीची असल्याने ती पुढेही प्रत्येक फोल्डरमध्ये उपकरणेच मानली गेली. त्यामुळे 'ऑक्स.सी' नावाची निरुपद्रवी सोर्स फाइल विंडोजच्या अनेक आवृत्त्यांवर संग्रह उलगडतानाच अडते. तिचे नाव मूळ प्रकल्पातच बदलणे उत्तम. सीरियल पोर्टबाबत, 'कॉम१०' आणि त्यापुढील पोर्ट उघडताना '\\.\' हा उपसर्ग लागतो.

एमसिस२ या विंडोजवर युनिक्ससारखी साधने पुरवणाऱ्या संचात विंडोजच्या मूळ प्रोग्रामला कमांडमधून दिलेला, स्लॅशने सुरू होणारा आर्ग्युमेंट आपोआप पाथ समजून बदलला जाऊ शकतो, मग तो कंपायलरचा पर्याय का असेना. 'फाइल सापडली नाही' या संदेशात आपण कधीच न दिलेला पाथ दिसला, तर प्रथम हाच संशय घ्यावा आणि तेवढा आर्ग्युमेंट रूपांतरातून वगळावा. युनिक्समध्ये यादीतील पाथ कोलनने वेगळे केलेले असतात; पण अशी यादी कोलनवर तोडणारा कोड विंडोजच्या 'सी:' चेही दोन तुकडे करतो. सिग्विन या अशाच दुसऱ्या संचात अशा यादीसाठी पाथ बदलून देणाऱ्या 'सिगपाथ' या कमांडचा 'पी' हा पर्याय आहे.

पहिले अक्षर स्लॅश आहे का, एवढ्यावरून पाथ पूर्ण आहे असे ठरवणारी तपासणीही येथे चुकते, कारण 'सी:नोंद' हा कोलननंतर स्लॅश नसलेला पाथ सी ड्राइव्हच्या चालू डिरेक्टरीपासून मोजला जातो.