गोचीड गाईवर दिसतात, पण राहतात गोठ्यात

विट्याजवळ आमचा गोठा आहे. पाच एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई आणि एक खिलार खोंड. दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आमची पहिलारू गाय गोचीडतापानं गेली. ताप १०६, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, पापणी उलटली तर आत पांढरंफटक. उष्णता झाली असेल म्हणून मी दोन दिवस ताक पाजत बसले. डॉक्टर आले तेव्हा उशीर झाला होता. हे लिहितेय ते तिच्यासाठी.

रोज धार काढायच्या आधी हात फिरवा. कास आणि मांडीची बेचकी, शेपटीखाली, कानात, मानेच्या पोळीवर. एरंडाच्या बीसारखी टम्म फुगलेली दिसते ती मादी. रक्त पिऊन झालं की ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत नाहीतर शेणामातीखाली शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. म्हणून नुसत्या गाईवर औषध मारून भागत नाही. पंधरा दिवसांत पुन्हा तेवढेच गोचीड चढलेले दिसतात.

रात्री बॅटरी घेऊन गोठ्यात जा. दगडी भिंतीच्या सांदीत, गव्हाणीच्या खालच्या कडेला, दावणीच्या खुंट्याभोवती बघा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता. जनावरं बाहेर बांधा, कडबा लांब हलवा, मग भेगांवरून फ्लेमगन, म्हणजे जाळ फेकणारी बंदूक, फिरवा. छपराला पाचट असेल तर फ्लेमगन अजिबात नको, तिथं औषधाची फवारणीच करा. त्यानंतर भेगा सिमेंटनं बुजवून भिंतीला चुना द्या. कोंबड्या गोठ्यात मोकळ्या असू द्या, त्या गोचीड वेचून खातात. मात्र फवारणीच्या दिवशी त्यांना कोंडा.

गाईवरची फवारणी सकाळी ऊन चढायच्या आत करा. आधी तिला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती अंग चाटत नाही. औषधाचं प्रमाण बाटलीवर असतं तेवढंच. जास्त घातलं की जास्त मरतात, असं नसतं. डोळे, तोंड, जखमा सोडा, आपल्या तोंडाला फडकं बांधा. वासरांसकट सगळी जनावरं एकाच दिवशी घ्या. अंड्यांतून पिल्लं निघतात, म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतरानं पुन्हा फवारा. मी तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिते. गोचिडांसाठी इंजेक्शन दिलं असेल तर दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही, तेही त्यांनाच विचारा.

हातानं काढलेले गोचीड चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. काही गोचिडांतून माणसालाही क्रिमियन काँगो ताप होतो, गुजरातेत २०११ साली त्याची साथ आली होती.

कुत्र्याला गाईचं औषध लावू नका, त्याचं वेगळं मिळतं. आणि कुत्र्याचं मांजराला तर मुळीच नाही. त्यातल्या परमेथ्रिननं मांजर दगावतं.

थर्मामीटर गोठ्यातच टांगून ठेवा. १०४ च्या वर गेला की ताक नको, फोन करा.